पाटीवर काय लिहिलं होतं

हे माझ्या बायकोला माहीत नाही. रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर बागेत फेऱ्या मारतो त्या मित्रांना तर नाहीच नाही. माझी न्यूझीलंडची सहल त्यांना तोंडपाठ आहे — मेंढ्या, बर्फाचे डोंगर, माणसाविना मैलोन् मैल पडलेले रस्ते — मी इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मला मध्येच थांबवून पुढचं सांगतात. पण हे नाही. हे मी कुणाजवळच काढलेलं नाही. मग तुमच्याजवळ का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक झालं. दुसरं असं की गेल्या महिन्यापासून मला एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, ठेवून देतो. स्कूटर काढतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येतो. बायको म्हणाली, शुगर तपासून घ्या. घेतली. शुगर ठीक आहे.

आधी माणसं सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आमचं गाव एरंडोलजवळ, तिथे तो शेती करतो. कापूस, तूर, थोडी ज्वारी. मी जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी केली, परदेशी पत्रव्यवहार बघायचो, म्हणून घरात माझ्या इंग्रजीचा मोठा दरारा. मला सगळे बापू म्हणतात. भाऊचा एकुलता एक मुलगा निलेश. तो अकरावीपासून माझ्याकडेच राहून शिकला, माझ्या घरातल्या कॉटवर झोपून इंजिनीयर झाला आणि तिकडे न्यूझीलंडला गेला. स्नेहल त्याची बायको. सई त्यांची मुलगी. तेव्हा सहा-सात वर्षांची असेल.

वहिनी गेल्या आणि भाऊ गावात एकटा पडला. निलेशच्या मनात होतं की नानांनी — तो वडलांना नाना म्हणतो — वर्षातले काही महिने आपल्याकडे येऊन राहावं. स्नेहल नाही म्हणत नव्हती, पण हो म्हणतानाही जरा थांबत होती. साहजिक आहे. धोतर-टोपीतला माणूस, इंग्रजीचा गंध नाही, दिवसभर घरात एकटा राहणार. म्हणून ठरलं, आधी एकदा महिनाभर येऊ दे, जमतंय का बघू. सोबतीला बापूकाका. ही परीक्षा होती. कुणी तसं बोललं नाही, पण भाऊला ते कळत होतं. विमानात बसण्याआधी त्याने बिडी सोडली. चाळीस वर्षांची बिडी.

आणि सहलही खरोखर सुंदर होती हो. तेवढं तर सांगू द्या. निलेशने एक मोठी गाडी भाड्याने घेतली आणि आम्ही दक्षिणेच्या बेटावर फिरत सुटलो. फेब्रुवारी म्हणजे तिथला उन्हाळा. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, एवढीच काय ती ओळखीची गोष्ट. बाकी सगळं कुणीतरी धुऊन-पुसून ठेवलेलं. एक तळं आलं, त्याचं पाणी इतकं निळं की भाऊ म्हणाला, कोणीतरी मोरचूद कालवलंय. मोरचूद म्हणजे पिकावर फवारतात ते निळे खडे. निलेश हसला, मीही हसलो, पण खरं सांगतो, त्या रंगाला याहून चांगला शब्द मला आजही सापडलेला नाही. मग बर्फाचे डोंगर मागे पडले आणि कोरडा मुलूख लागला. तपकिरी, बोडके डोंगर, पिवळं गवत, वरून ऊन. भाऊ काचेला नाक लावून बसला. "हाऊ ते आपला सातपुडाच शे," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. त्याला एकदम घरच्यासारखं वाटायला लागलं. तसं वाटलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याला एकच कोडं सुटत नव्हतं. "मानसं कथा शेतस रे बठ्ठी?" दर अर्ध्या तासाला हाच प्रश्न. इतकी जमीन, इतकं पाणी, कुंपणं घातलेली, आणि माणसं कुठेच नाहीत? आणि दुसरं म्हणजे पाट्या. रस्त्यावरची प्रत्येक पाटी. "बापू, हाई काय लिहेल शे?" मी सांगायचो. पुढे पूल अरुंद आहे, समोरच्याला आधी जाऊ द्या. पुढे जनावरं रस्ता ओलांडतात. पहिले दोन-तीन दिवस मला फार बरं वाटलं. भाऊने मला शिकवलं, त्याने विहिरीवर दिवस काढले म्हणून मी जळगावला वसतिगृहात राहिलो, आणि आज मी त्याला जग वाचून दाखवतोय — असलं काहीतरी. चौथ्या दिवसापासून मला त्या प्रश्नाचा वीट आला. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायला लागलो. तो मग पाटीकडे बघायचा, मग माझ्याकडे बघायचा.

मी पाल्हाळ लावतोय. कळतंय मला.

सई भाऊकडे येत नव्हती. हे सांगायला हवं. तिला त्याची अहिराणी कळायची नाही, त्याला तिचं इंग्रजी. मिशीला घाबरायची म्हणा किंवा नुसती लाजायची. भाऊ तिच्यासाठी सफरचंद कापायचा, ती आईच्या हातून खायची. एके सकाळी दुकानात स्नेहल भाजी घेत होती तेव्हा भाऊला वांगी दिसली. आपली हिरवी-पांढरी, पोटाला फुगलेली वांगी नव्हेत. तिथली काळी, चकचकीत. त्याने एक हातात घेतलं, देठ दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. भरीत! नातीला स्वतःच्या हातचं भरीत खाऊ घालायचं, हे त्याच्या डोक्यात शिरलं. रात्री मुक्कामाला गेल्यावर शेगडीवर भाजू, असं निलेश म्हणाला. पण शेगडीवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायला खानदेशातलं कोण तयार होईल? काड्यांचा जाळ पाहिजे. भाऊ तयार नव्हता. आणि मी? मला तर दुसराच किडा चावला होता.

हिवाळा आला की आमच्या जळगावातल्या माणसांना काय होतं, तुम्हाला माहीत असेल. ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर भरीत पार्ट्या. शेतात चूल, काड्यांवर वांगी, बडग्याने ठेचणं, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी. कारखान्यातल्या जुन्या मंडळींचा आमचा एक ग्रुप आहे. तिथे मी आदल्याच दिवशी फुशारकी मारून ठेवली होती — थांबा, न्यूझीलंडमधली पहिली भरीत पार्टी दाखवतो तुम्हाला. चाळीस-पन्नास अंगठे आले होते. माणूस साठीचा झाला तरी अंगठ्यांना भुलतो, काय सांगू!

दुपारी एका तळ्याकाठी थांबलो. सईला बोटीत बसायचं होतं. भाऊला पाण्याची भीती. निलेश म्हणाला, "बापूकाका, तुम्ही नानांजवळ थांबा, आम्ही तासाभरात येतो." ते तिघं पलीकडच्या धक्क्यावर गेले. आम्ही दोघं, लाकडी बाक, मागे पिवळ्या गवताची चढण, वर पाइनची झाडं. खाली वाळक्या काटक्यांचा खच पडलेला. भाऊने माझ्याकडे पाहिलं. मी भाऊकडे. पिशवीत वांगी होती, कांदे होते, मिरच्या होत्या. भाऊने दुकानातून काडेपेटीही घेऊन ठेवली होती.

रस्त्याच्या कडेला एक पाटी होती. अर्धगोल, मोठी. हिरव्यापासून लालपर्यंत रंगांचे पट्टे आणि एक काटा. काटा लालवर होता.

भाऊ काटक्या गोळा करता करता तिथे थांबला. बिनशिकलेला असला तरी लाल रंग त्याला कळतो. "बापू, काटा लालवर शे. काय लिहेल शे?"

मी वाचलं होतं. गाडीतून उतरतानाच वाचलं होतं. वणव्याचा धोका अतिशय जास्त, उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी. त्या प्रवासात तशा दहा पाट्या मी वाचल्या असतील. समजायला अजिबात अवघड नव्हतं.

"उन्हाचं शे," मी म्हणालो. "ऊन जास्त शे म्हनं. टोपी घाला, आसं लिहेल शे."

भाऊ डोक्यावरच्या टोपीला हात लावून हसला. "मंग माले काय? मी ते घालेलच शे."

आणि तो चूल मांडायला बसला.

का बोललो मी तसं? रागाने? नाही. विचार न करता? तेही नाही — टोपीचं सुचायला विचार करावाच लागला असेल ना? मला तो जाळ हवा होता. जाळासमोर भाऊ हवा होता, मागे ते निळं तळं हवं होतं, आणि पुढे मी. खरं कारण एवढंच, एवढंसंच.

भाऊने काम नीट केलं. गवत उपटून जागा मोकळी केली, तीन दगड लावले, काटक्या रचल्या. पेटवल्यावर त्याच्या लक्षात आलं की पाणी जवळ नाही. "मी पानी लई येस. तू आठेच बस. ध्यान ठेव." बाटली घेऊन तो तळ्याकडे उतरला. गुडघे दुखतात त्याचे, हळूहळू गेला.

मी ध्यान ठेवलं नाही. मी मोबाइल काढला. जाळाकडे पाठ केली, हात लांब करून स्वतःचं तोंड त्यात बसवलं आणि सुरू झालो — मंडळी, राम राम, थेट न्यूझीलंडहून! पहिल्यांदा नीट आलं नाही, म्हणून पुसून दुसऱ्यांदा घेतलं. तेव्हाच कधीतरी वारा सुटला. मोबाइलच्या पडद्यावर माझ्या खांद्यामागे धूर दिसला तेव्हा मला आधी तो छान वाटला. मग वळलो.

गवत पेटलेलं पाहिलंय तुम्ही? आपल्याकडे बांध पेटवतात तसं नाही. ते धावतं. मी दोन पावलं पुढे गेलो, चार मागे आलो. भाऊ खालून ओरडत आला, बाटली रिकामी केली, खांद्यावरचा टॉवेल काढून झोडपत सुटला. टॉवेल पेटला. मग त्याने झाडाची एक फांदी ओढून घेतली आणि झोडपत राहिला. मी काय करत होतो? मी हातात मोबाइल धरून उभा होतो. जाळ चढणीवर चढला, पाइनपर्यंत गेला. वरच्या कुंपणापलीकडच्या मेंढ्या एका कोपऱ्यात चेंगरून ओरडायला लागल्या.

लोक आले. ज्या मुलखात माणसं दिसत नव्हती तिथे दहा मिनिटांत माणसं आली. बंबाच्या गाड्या आल्या, आजूबाजूचे शेतकरी आले, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली एक म्हातारी बाई फावडं घेऊन आली. एक हेलिकॉप्टर तळ्यातून लोंबती बादली भरून आणत होतं. कोणी आमच्यावर ओरडलं नाही. एका पोराने भाऊला बाटलीतलं पाणी दिलं आणि त्याचे तळहात बघून स्वतःच तोंड फिरवलं. अख्खी टेकडी काळी झाली. माणूस कोणी दगावलं नाही, मेंढ्याही वाचल्या. तेवढं नशीब.

बंबावरचा एक माणूस जवळ आला. निलेश अजून पलीकडे होता, धावत येत असणार. त्या माणसाने मला विचारलं, आग कोणी पेटवली? मी ते भाऊला मराठीत सांगितलं. का सांगितलं? उत्तर मलाही माहीत होतं. भाऊने माझ्याकडे पाहिलं, तोंड काजळीने काळं झालेलं, आणि म्हणाला, "सांग त्याले, मीच पेटाडी."

मी सांगितलं. माझ्या भावाने.

त्यांनी पाटी पाहिली नव्हती का, त्याने विचारलं. मी भाऊला सांगितलं. पाटी पाहिली होती का, विचारतोय. खाली बघत सांगितलं. भाऊ पाटीकडे वळला. बराच वेळ त्या लालवरच्या काट्याकडे बघत राहिला. इतक्या माणसांच्या, इतक्या बंबांच्या मध्ये उभं राहून, त्या पाटीवर काय लिहिलेलं असणार हे कळायला इंग्रजी कशाला यायला पाहिजे? मला वाटलं, आता बोलेल. मी खरंच वाट पाहिली. "सांग," भाऊ म्हणाला, "देखेल व्हती. पन समजनी नही."

मी त्याचंही इंग्रजी केलं. अक्षरशः, शब्दाला शब्द. त्या दिवशी मी केलेलं हे एकच खरं भाषांतर.

आता वाटेल, झालं, हीच ती कबुली. नाही. अजून आहे.

निलेश आला तो पांढराफटक पडलेला. स्नेहल सईला छातीशी धरून गाडीजवळच थांबली. त्या देशात कायमचं राहण्याच्या परवानगीची त्यांची वाट बघणं चालू होतं, त्यामुळे पोरगा हादरला होता. वडलांशी तो बोलला नाही. माझ्याकडे आला. "काका, तुम्ही होतात ना इथे? तुम्हाला तर वाचता येतं. तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

भाऊ चार हात अंतरावर एका दगडावर बसला होता. त्याच्या हातांना कोणीतरी ओली पट्टी गुंडाळत होतं. त्याला ऐकू येत होतं.

"सांगितलं रे," मी म्हणालो. "दोनदा सांगितलं. ऐकतो का तो कुणाचं?"

निलेशने मान हलवली. त्याने लगेच मानलं. माझ्या घरात वाढलेलं पोर, माझा शब्द त्याने कधी खोटा धरलेला नव्हता. भाऊने वर पाहिलं नाही. त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि मोबाइलमधलं चित्रण पुसून टाकलं. ग्रुपवर लिहिलं, पावसामुळे पार्टी रद्द.

सहल तिथेच संपली. निलेशच्या मागे काही दिवस चौकशी लागली, मग सुटली. परवानगीही मिळाली पुढे. पण भाऊ परत कधी गेला नाही. कोणी ये म्हणालं नाही. स्नेहलला दोष देऊ नका. घरात गॅस आहे, पोर आहे, आणि सांगितलेलं ऐकत नाही असा म्हातारा आहे. ऐकत नाही, हे तिला कोणी सांगितलं होतं? भाऊ गावाला एकटाच राहतो. बिडी पुन्हा सुरू केली आहे. तळहातांची कातडी आखडली, मूठ पुरती मिटत नाही, विळा धरता येत नाही. परतीच्या विमानात तो एकदाच बोलला होता त्या दिवसाबद्दल. "वांगा कच्चाच ऱ्हायी ग्यात, बापू." बस. त्यानंतर एक अक्षर नाही. चिडला असता, चार माणसांत माझी अब्रू काढली असती, तर मला झोप तरी लागली असती. त्याने मला वाचवलं, आणि मी त्याला वाचवू दिलं. मला त्याचा राग येतो कधीकधी. ऐकताय ना? मला त्याचा राग येतो.

हे सगळं जुनं झालं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. जुनं झालं, टेकडी हिरवी झाली असेल, आता उकरून काय मिळणार?

गेल्या महिन्यात निलेश सगळ्यांना घेऊन आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. शेतात भरीत पार्टी ठेवली — ठेवायलाच लागते, पाहुणे आले की. आमची, निलेशच्या सासुरवाडीची, गावातली मिळून पंचवीस-तीस माणसं. पोरं काड्या रचत होती. एरवी वांगी भाजायला भाऊ दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्या दिवशी तो लांब, निंबाखाली बाजेवर बसून होता. सई आता मोठी झाली आहे, मोडकं-तोडकं मराठी बोलते, सगळ्यांची लाडकी झाली होती. चूल पेटवायला काडेपेटी सापडेना. कोणीतरी म्हणालं, नानांकडे असेल, बिडीसाठी.

सई मोठ्याने म्हणाली, "नको, नको! आजोबांकडे काडेपेटी नाही ठेवायची! आजोबा डोंगर जाळतात!"

सगळे हसले. पोरीने गमतीत म्हटलं होतं, तिचा काय दोष? स्नेहल तिला दटावताना हसत होती. निलेशही हसला, जरा उशिरा.

भाऊने माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या बघण्यात. मला वाटतं, तो फक्त बघत होता — मी हसतो का.

मी हसलो. आणि हसून थांबलो नाही. टाळी देण्यासाठी शेजारच्यापुढे हात केला आणि म्हणालो, "अगं, मी दोनदा सांगितलं होतं! ऐकतो का तो कुणाचं?"

पुन्हा हशा झाला. पहिल्यापेक्षा मोठा.

भाऊही हसला तेव्हा. सदऱ्याच्या खिशात त्याने हात घातला. न मिटणाऱ्या बोटांनी काडेपेटी काढायला त्याला वेळ लागला. उठून आला, ती सईच्या हातावर ठेवली आणि परत जाऊन बाजेवर बसला.

भरीत चांगलं झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.